मीनाकारी केलेले रोमन ब्रोच

रोमन अमलाखालील ब्रिटनमध्ये (इ. स. ४३ ते सु. ४१०) अंगावरचे वस्त्र अडकवण्यासाठी वापरली जाणारी, रंगीत काचेने सजवलेली, तांब्याच्या मिश्रधातूची पिन. पहिल्या शतकाच्या उत्तरार्धापासून दुसऱ्या शतकाच्या अखेरपर्यंत या ब्रोचना विशेष मागणी होती. आज ते बहुधा नांगरलेल्या शेतात, मेटल डिटेक्टर घेऊन हिंडणाऱ्या हौशी लोकांना सापडतात.

धातूच्या पृष्ठभागावर ओतकामातच खाचा ठेवत किंवा त्या नंतर कोरत. खाचांत काचेची पूड भरून ब्रोच तापवला की काच वितळून धातूला धरते. थंड झाल्यावर घासून पृष्ठभाग सपाट करत. ही कला रोमनांनी आणलेली नाही. लोहयुगातील ब्रिटिश कारागीर अपारदर्शक लाल काच आधीपासून वापरत. निळा, हिरवा, पिवळा, पांढरा हे रंग रोमन काळात रुळले. महासागराकाठचे रानटी लोक तापलेल्या पितळेवर रंग ओततात आणि ते दगडासारखे घट्ट होतात, असा उल्लेख तिसऱ्या शतकातील ग्रीक लेखक फिलोस्ट्रेटस करतो. ‘रानटी’ हा शेरा सोडला, तर वर्णन नेमके आहे.

आकारांत मोठे वैविध्य आढळते. काही ब्रोच कमानदार असून त्यांच्या माथ्यावर साखळीसाठी कडी असते. असे दोन ब्रोच साखळीने जोडून दोन्ही खांद्यांवर लावत. काही चकतीसारखे चपटे, तर काही ससा, मासा, कोंबडा किंवा चपलेचा तळवा यांच्या आकाराचे असतात. इंग्रजी एस अक्षरासारखा वळणदार, दोन्ही टोकांना प्राण्याचे डोके असलेला ‘ड्रॅगनेस्क’ प्रकार मुख्यतः उत्तर ब्रिटनचा. घोडेस्वाराच्या आकाराचे ब्रोच काही देवस्थानांच्या जागी एकत्र सापडतात. पूर्व इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातील हॉकवोल्ड हे त्यांपैकी एक. त्यामुळे ते नुसते दागिने नसून देवाला वाहिलेल्या वस्तू असाव्यात, असा तर्क केला जातो आणि तो पटण्याजोगा आहे.

जमिनीतून निघालेल्या ब्रोचची सुई बहुधा तुटलेली असते आणि काचही बरीच झडलेली असते. रंगाबाबत तर विशेष सावध राहावे लागते. लाल काचेत तांबे असते. ते गंजले की पृष्ठभाग हिरवा दिसू लागतो. त्यामुळे हिरवा दिसणारा ब्रोच मुळात लाल असू शकतो. सापडलेली वस्तू घरी घासूनपुसून लख्ख करू नये, असे तज्ज्ञ बजावतात ते यासाठीच: मातीबरोबर उरलीसुरली काचही निघून जाते.

इंग्लंडमध्ये असा सुटा ब्रोच, सापडलेला खजिना कळवणे बंधनकारक करणाऱ्या १९९६ च्या खजिना कायद्यात सहसा बसत नाही, कारण त्यात सोने-चांदी नसते. २०२३ मध्ये असामान्य महत्त्वाच्या धातूच्या वस्तूंसाठी कायद्याची व्याप्ती वाढवण्यात आली, पण नेहमीचा ब्रोच त्याही कक्षेबाहेरच राहतो. त्यामुळे त्याची नोंद ज्याला तो सापडला त्याच्या खुशीवर अवलंबून असते. लोकांना सापडलेल्या प्राचीन वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या, १९९७ पासून चालू असलेल्या ‘पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम’चे स्थानिक अधिकारी वस्तूचे माप, वजन, छायाचित्र आणि सापडल्याची जागा नोंदवून ती परत देतात. स्कॉटलंडमध्ये मात्र अशी प्रत्येक प्राचीन वस्तू कळवणे बंधनकारक आहे. म्हणजे एकाच घडणीचा ड्रॅगनेस्क ब्रोच सीमेच्या उत्तरेला सापडला तर कळवावाच लागतो. दक्षिणेला सापडला तर तो कोणाच्या तरी खणात नोंदीविनाही पडून राहू शकतो.