मुलांमधला मायोकार्डायटिस : स्नायूतलं पाणी मोजताना

ताप आला की नाडी जलद होते, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्यालाही हिशोब आहे. ताप १ अंश सेल्सियसने चढला की ठोके मिनिटाला साधारण १० ने वाढतात. ताप उतरलाय, मूल शांत झोपलंय आणि नाडी तरी धावतेच आहे, तर मायोकार्डायटिसची, म्हणजे हृदयाच्या स्नायूच्या दाहाची, शंका घ्यायलाच हवी. कारण बहुधा विषाणू असतो : एन्टेरोव्हायरस, पार्वोव्हायरस बी१९, एचएचव्ही-६.

किशोरवयीन मुलं छातीत दुखतंय असं सांगतात. लहानग्यांना उलट्या होतात, पोट दुखतं, धाप लागते. मग पोट बिघडलंय असं समजून भराभर सलाईन चढवलं जातं. थकलेल्या हृदयाला तेवढा द्रव पुढे ढकलता येत नाही. धाप वाढते, यकृत बरगडीखाली हाताला लागतं. सलाईननंतर मूल सुधारण्याऐवजी बिघडलं, तर हृदयाकडे पाहावं.

रक्तातलं ट्रोपोनिन वाढलं म्हणजे हृदयस्नायूच्या पेशींना इजा झाली, एवढंच कळतं. कशामुळे, ते नाही. इकोतून, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीतून, हृदयाचं आकुंचन किती कमी झालंय ते दिसतं. बायॉप्सीत हृदयस्नायूचा छोटा तुकडा काढून तपासतात. तो वाचायचे डॅलस निकष १९८६ पासूनचे, पण दाह ठिकठिकाणी विखुरलेला असतो. तुकडा निरोगी जागेचा निघाला तर अहवाल निर्दोष येतो. शिवाय तान्ह्या बाळाच्या पातळ भिंतीला भोक पडण्याची भीती असतेच.

म्हणून एमआरआय. सुजलेल्या स्नायूत पाणी साठतं आणि एमआरआय नेमका पाण्यातल्या हायड्रोजनच्या केंद्रकांकडे पाहतो. रेडिओलहरींचा झटका दिला की ही केंद्रकं एका तालात फिरू लागतात आणि हळूहळू त्यांचा ताल सुटतो. तो सुटायला लागणाऱ्या वेळेचं माप म्हणजे टी२. प्रथिनांना चिकटून असलेल्या पाण्यात ताल लवकर सुटतो, मोकळ्या पाण्यात उशिरा. १.५ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं एकक) यंत्रात निरोगी हृदयस्नायूचा टी२ साधारण ५० मिलिसेकंद भरतो. सूज असली की तो वाढतो. वेगवेगळ्या क्षणी ३-४ प्रतिमा घेऊन, संकेत कसा घसरत गेला त्याचा वक्र काढून, प्रत्येक पिक्सेलचा टी२ ठरवतात.

मुलांमध्ये घोळ इथेच होतो. दोन प्रतिमांच्या मध्ये केंद्रकांना मूळ स्थितीत यायला अवधी लागतो, म्हणून मधले काही ठोके सोडतात. नाडी १४० असेल तर तेवढ्याच ठोक्यांत वेळ अपुरा पडतो आणि टी२ खोटा कमी येतो. उलट, भिंत पातळ असल्याने कडेच्या पिक्सेलमध्ये रक्त मिसळतं. रक्ताचा टी२ मोठा, त्यामुळे आकडा खोटा वाढतो. त्यात लहान मुलं श्वास रोखून धरत नाहीत आणि कमजोर हृदयाला भूल देणं जोखमीचं. त्यामुळे प्रत्येक केंद्राने आपल्या यंत्रावरची सामान्य मूल्यं आधी ठरवावी लागतात. दुसऱ्याचे आकडे उचलून चालत नाही.

एमआरआयवरून मायोकार्डायटिस ओळखण्याच्या लेक लुईस निकषांच्या २०१८ च्या आवृत्तीनुसार टी२ चा एक पुरावा आणि टी१ चा (केंद्रकांना मूळ स्थितीत यायला लागणाऱ्या वेळेचं माप) एक, असे दोन्ही मिळाले तर निदान भक्कम. टी१ च्या पुराव्यासाठी बहुधा गॅडोलिनियम हे एमआरआयत उठून दिसणारं द्रव्य टोचून सुमारे १० मिनिटांनी प्रतिमा घेतात. हे द्रव्य जिवंत पेशीत शिरत नाही, फुटलेल्या पेशींच्या जागी साठतं आणि प्रतिमेत डागासारखं दिसतं. हार्ट अटॅकमध्ये डाग भिंतीच्या आतल्या थरापासून सुरू होतो. मायोकार्डायटिसमध्ये तो बहुधा बाहेरच्या किंवा मधल्या थरात असतो.

कोविडच्या एमआरएनए लशींनंतर, विशेषतः दुसऱ्या डोसनंतर काही दिवसांत, किशोर आणि तरुण मुलांमध्ये हा आजार क्वचित दिसला, हे खरं. बहुतेक रुग्ण लवकर सावरले, आणि कोविडनेही तो होतो. त्यावरून प्रत्येक आकस्मिक मृत्यू लशीच्या खात्यावर टाकणारे मेसेज मात्र निव्वळ थापा आहेत.

बरं वाटू लागलं तरी ३ ते ६ महिने स्पर्धात्मक खेळ बंद. दाह शमलेला नसताना जोरात धावलं तर हृदयाची लय जीवघेणी बिघडू शकते. मैदानावर सोडण्याआधी इको, २४ तासांचा होल्टर (ठोक्यांची सलग नोंद) आणि ट्रेडमिल चाचणी करून घ्यावी.