भिंत रंगवणं वेगळं, वस्तीबरोबर काम करणं वेगळं

सांगलीत एखादी भिंत रंगली की बातमीत ठरलेलं वाक्य येतं, ‘लोकसहभागातून साकारले चित्र’. फोटोत शाळेची मुलं, हातात ब्रश, मागे भिंतीवर निम्मा रंगलेला, कृष्णेवरचा आयर्विन पूल. चित्र बहुतेक वेळा चांगलंच असतं. पण ते सुशोभीकरण आहे, त्याला लोकसहभाग म्हणू नये. ही दोन वेगळी कामं आहेत, आणि एकाच्या नावावर दुसरं खपवलं जातं म्हणून खऱ्या लोकसहभागाला कुणी वेळही देत नाही आणि पैसाही.

सुशोभीकरण सगळ्यांच्या परिचयाचं आहे. २०१६ पासून स्वच्छ सर्वेक्षण, म्हणजे स्वच्छतेवरून शहरांचे क्रमांक लावणारी केंद्र सरकारची पाहणी, सुरू झालं आणि गावोगावच्या भिंती रंगू लागल्या. विषय वरून येतो, पेंटर प्रायमर मारतो, चित्र होतं, उद्घाटन होतं. कचऱ्याचा कोपरा स्वच्छ होतो, जाणाऱ्या-येणाऱ्याला बरं वाटतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. कलाकार गावचा की बाहेरचा, चित्र साधं की भव्य, भिंत की पथनाट्य, हे फरक दोन्हीकडे सापडतील. त्यांवर वाद घालण्यात अर्थ नाही.

खरी गफलत ब्रशपाशी होते. लोकांच्या हातात ब्रश दिला की लोक सहभागी झाले, असं सर्रास मानतात. त्या रविवारी सकाळी काय होतं ते जवळून बघा. मुलं येण्याआधीच खडूने आउटलाइन काढलेली असते. इथे निळा, इथे हिरवा, रेषेबाहेर जायचं नाही. तासाभराने मुलं घरी जातात आणि पेंटर ओघळ पुसून कडा पुन्हा सरळ करतो. मुलांना मजा आली हे खरं. पण काय काढायचं, कुठे, कशासाठी, यातलं काहीही त्यांनी ठरवलेलं नसतं. अक्षता टाकायला आलेल्या पाहुण्याने लग्न जमवलं, असं आपण कधी म्हणत नाही.

उलट, काम वापरणाऱ्यांनी ब्रश हातात न धरताही ते त्यांच्या गरजेतून घडू शकतं. छत्तीसगडच्या बस्तरमधल्या कोंडागावात चित्रकार-शिल्पकार नवज्योत अल्ताफ यांनी तिथल्या आदिवासी कलाकारांबरोबर हातपंपांच्या जागा नव्याने घडवल्या. भरलेलं भांडं जमिनीवरून थेट डोक्यावर घेताना पाणी भरणाऱ्या बायकांच्या कमरेवर ताण यायचा. म्हणून मधल्या उंचीवर टेकायला जागा केली, भांडं आधी तिथे आणि मग डोक्यावर. भिंतींवर आकृत्या आहेतच, पण कामाचं माप ठरलं ते त्या बायकांच्या रोजच्या हालचालीवरून.

आता आपल्याकडे या. २००५, २०१९, २०२१ हे पूर सांगलीने पाहिले. आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर भागातल्या माणसाला विचारा, तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो, “हितपर्यंत हुतं.” अशा वस्तीत ‘पूर’ विषय मिळाला तर सुशोभीकरण करणारा बोट आणि जवान काढील, आणि ते देखणंही होईल. वस्तीबरोबर काम करणारा आधी विचारील, आणि त्याला भलतीच उत्तरं मिळतील. कुणी म्हणेल, रोज दारात पूर बघायचा नाही. कुणी म्हणेल, चित्र राहू द्या, पाणी कुठल्या खुणेला आलं की घर सोडायचं आणि कुठल्या बोळातून निघायचं तेवढं ठळक लिहा. ‘चित्र नको’ हे उत्तर ऐकून घ्यायची आणि त्याप्रमाणे बेत बदलायची तयारी असेल, तरच विचारण्याला अर्थ आहे. डिझाइन मंजूर झाल्यावर घेतलेली बैठक ही फक्त माहिती देणं असते.

विचारायचं कुणाला, हेही बघावं लागतं. दुपारी चौकात गेलात तर पारावरचे चार पुरुष बोलतील. बायका संध्याकाळी मोकळ्या होतात, त्याही अर्धा तास. त्या भिंतीला पाठ लावून रोज भाजी विकणारी मावशी तर कुठल्याच बैठकीला येत नाही. तिच्या पाटीपाशी बसूनच बोलावं लागतं. मला सगळ्यात खटकतं ते याच मावशीला उद्घाटनासाठी दोन दिवस तिथून उठवतात ते. आणि चित्राच्या कोपऱ्यात हातभर अक्षरांत प्रायोजकांची नावं असतात, वस्तीचं नाव मात्र कुठेच नसतं.

अंदाजपत्रकात रंग, प्रायमर, परांची यांच्या ओळी असतात. कलाकाराने वस्तीत बसून काढलेल्या दिवसांच्या मानधनाची ओळ नसते. ज्याला हे काम मनापासून करायचंय त्याने आधी त्या ओळीसाठी भांडावं. आठवड्यात उद्घाटन हवं असणाऱ्याला चांगलं, टिकाऊ सुशोभीकरण करून द्यावं, आणि बातमीतही तसंच छापायला सांगावं.