"काहीही टाका, चालतं" आणि "लेन्स गेली": स्वस्तातल्या डीव्हीडी प्लेअरची पार्श्वभूमी

ज्यांच्या घरी दोन-अडीच हजारातला डीव्हीडी प्लेअर होता त्यांना आजही विचारून बघा, कसा होता म्हणून. दोनच उत्तरं येतील. एक, "अरे काहीही टाका, चालायचं." आणि दुसरं, "वर्षभरात लेन्स गेली." बऱ्याचदा ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाची असतात आणि एकाच प्लेअरबद्दल असतात. मला बरेच दिवस वाटायचं की चांगला पीस लागला तर पहिलं वाक्य आणि खराब लागला तर दुसरं, एवढंच. पण नंतर उघडलेले प्लेअर बघितले, थोडं वाचलं, तेव्हा कळलं की दोन्हीचं मूळ एकच आहे.

सुरुवात डीव्हीडीच्या आधीपासून करायला लागेल, म्हणजे व्हीसीडीपासून. १९९३ मध्ये फिलिप्स, सोनी, जेव्हीसी आणि मात्सुशिता यांनी व्हीसीडीचं स्टॅंडर्ड ठरवलं. साध्या गाण्याच्या सीडीवर एमपेग-१ मध्ये दाबून बसवलेलं चित्र, पॅलमध्ये (आपल्याकडच्या टीव्हीची पद्धत) ३५२ बाय २८८ ठिपके, म्हणजे साधारण व्हीएचएस कॅसेटच्या तोडीचं. एका सीडीवर ७४ मिनिटं मावायची, त्यामुळे हिंदी सिनेमा दोन नाहीतर तीन सीडींचा, आणि ऐन रंगात आला की कुणीतरी उठून सीडी बदलायची आणि मग "दुसरी कुठाय, आत्ता इथेच होती" हा कार्यक्रम. अमेरिका-युरोपने व्हीसीडीला फार भाव दिला नाही. चीनने मात्र ती डोक्यावर घेतली, आणि आपल्याकडेही तेच झालं. चीनमध्ये अमेरिकेतल्या सी-क्यूब कंपनीच्या चिपवर पहिले व्हीसीडी प्लेअर निघाले आणि बघता बघता तिथे ते बनवणारे कारखाने शेकड्याने उभे राहिले. चिप बाहेरून, लेन्स जपानची, पत्र्याचा डबा आणि रिमोट कारखान्याचा स्वतःचा, की झाला प्लेअर. ही सवय लक्षात ठेवा, पुढे हीच कामाला येते.

डीव्हीडी आली ती अगदी वेगळ्या घरातून. १९९५ मध्ये दोन भांडणाऱ्या गटांनी एकच फॉरमॅट मान्य केला, नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानमध्ये पहिले प्लेअर विकायला आले आणि १९९७ मध्ये अमेरिकेत. लेझरची तरंगलांबी ७८० नॅनोमीटरवरून ६५० वर आली, म्हणजे तो बारीक वाचायला लागला, डिस्कवरच्या रेघा १.६ मायक्रॉनऐवजी ०.७४ मायक्रॉनवर, त्यामुळे एका थरात ४.७ जीबी. चित्र ७२० बाय ५७६. पण हॉलिवूडच्या स्टुडिओंनी सिनेमा देण्याआधी अटी घातल्या. डिस्कवर कुलूप, म्हणजे सीएसएस. जगाचे तुकडे, म्हणजे रीजन कोड, एका तुकड्याची डिस्क दुसऱ्या तुकड्यातल्या प्लेअरमध्ये चालायची नाही: अमेरिका १, युरोप आणि जपान २, भारत रशिया-आफ्रिकेसोबत ५, चीन एकटा ६. आणि कॅसेटवर कॉपी करू नये म्हणून मॅक्रोव्हिजन. कुलूप उघडायचं लायसन हवं असेल तर प्लेअर बनवणाऱ्याने हे सगळं पाळायचं. म्हणजे ग्राहकाने हजारो रुपये मोजायचे आणि सुरुवातीची सूचना पुढे ढकलायला बटण दाबलं की स्क्रीनवर हाताचा पंजा येणार, नाही जमणार. विकत घेतलेल्या वस्तूने मालकालाच नाही म्हणायचं, हा प्रकार बहुतेकांनी पहिल्यांदा डीव्हीडी प्लेअरमध्ये बघितला.

मॅक्रोव्हिजनचा तर एक अगदी घरगुती त्रास होता. ज्यांच्या जुन्या टीव्हीला पिवळी-पांढरी-लाल भोकंच नव्हती, फक्त अँटेनाची जागा होती, ते प्लेअरची वायर व्हीसीआरमध्ये घालून तिथून टीव्हीला न्यायचे, आणि मग चित्र आपोआप उजळायचं आणि काळवंडायचं, उजळायचं आणि काळवंडायचं. लोक टीव्हीवर थापा मारायचे. टीव्ही बिचारा ठीकच होता, व्हीसीआरला फसवायला सिग्नलमध्ये जी खोड घातलेली होती तिचा तो परिणाम.

आता इथे ते चिनी कारखाने परत येतात. २००० च्या सुरुवातीला अमेरिकेत अ‍ॅपेक्स नावाच्या, कुणी ऐकलेल्या नसलेल्या कंपनीचा एडी-६००ए हा प्लेअर १७९ डॉलरला दुकानात लागला. मोठ्या ब्रँडपेक्षा स्वस्त, शिवाय एमपी३ वाजवणारा, व्हीसीडी वाजवणारा, पॅल डिस्क अमेरिकेतल्या एनटीएससी पद्धतीच्या टीव्हीवर दाखवणारा. आणि घेतलेल्यांनी शोधून काढलं की सेटअपमध्ये जाऊन रिमोटची ठराविक बटणं ओळीने दाबली की एक लपलेला मेनू उघडतो, ज्याचं नावच "लूपहोल्स" होतं! त्यात रीजन बंद करता यायचं आणि मॅक्रोव्हिजनसुद्धा. ही बातमी पसरली आणि प्लेअर दुकानात टिकेना. कंपनीने पुढच्या बॅचमधून मेनू काढला, तर लोक जुन्या बॅचचे खोके शोधत फिरायला लागले. स्वस्त प्लेअरबद्दल मालक आपसात काय बोलतात याचा साचा मला वाटतं इथेच पडला: चित्र कसं आहे हे दुसऱ्या नंबरला, आधी सांगा कोड काय आहे.

याच अ‍ॅपेक्सची पुढची गोष्ट काही बरी नाही. माल बनवायची सिचुआनमधली चांगहोंग कंपनी, तिने २००४ च्या शेवटी जाहीर केलं की अ‍ॅपेक्सकडे आमचे ४६ कोटी डॉलरच्या वर येणं बाकी आहे. इतक्या कमी भावात विकणाऱ्याच्या हातात शेवटी किती उरत असेल, ते यावरून समजा.

आपला यात संबंध काय, तर अमेरिकेतल्या मराठी घरांना हे सगळं तेव्हाच कळलेलं होतं. सुट्टीत पुण्या-मुंबईला येऊन नाटकांच्या व्हीसीडी बॅगेत भरून न्यायच्या आणि तिथल्या ब्रँडेड प्लेअरमध्ये टाकल्या की एकतर डिस्कच ओळखायची नाही किंवा पॅल असल्यामुळे चित्र काळं-पांढरं आणि वर सरकणारं. स्वस्तातला चिनी प्लेअर आणला की नाटक सुरू. उलट बाजूने, बऱ्याच हिंदी सिनेमांच्या डीव्हीडी एनटीएससीमध्ये आणि सगळ्या रीजनला चालतील अशाच निघायच्या, कारण डीव्हीडीचं गिऱ्हाईक सुरुवातीला परदेशातच जास्त होतं.

मग हे प्लेअर इतके स्वस्त होत कसे गेले? मोठं कारण चिप. तैवानच्या मीडियाटेकसारख्या कंपन्यांनी आधी जी कामं तीन-चार वेगवेगळ्या चिप करायच्या, म्हणजे लेन्स फोकसवर धरणं, डिस्क फिरवणं, चित्र उलगडणं, आवाज, ती सगळी एकात आणली. एमटी १३८९ हा नंबर जुन्या मेकॅनिकला अजूनही तोंडपाठ असतो, कारण पुढचं पॅनल कुठल्याही ब्रँडचं असो, आत बरेचदा तोच बसलेला. चिपसोबत सॉफ्टवेअरही तयार मिळायचं, त्यात रीजन हा फक्त एक आकडा, ० केला की झालं. कारखान्याला ते बंद ठेवण्यात काही रस नव्हता, त्याचे सिनेमे थोडीच होते! सोनीसारख्या कंपनीचा स्वतःचा स्टुडिओ, तिला दोन्हीकडे बघायला लागायचं. म्हणून महाग प्लेअर नियम पाळायचा आणि स्वस्त प्लेअर मालकाचं ऐकायचा. "काहीही टाका, चालतं" हे असं आलं.

दुसरीकडे पेटंटवाले मागे लागले होते. एका गटात तोशिबा, हिताची वगैरे सहा कंपन्या, दुसऱ्यात फिलिप्स, सोनी, पायोनिअर. २००२ च्या सुमाराला चिनी कारखानदारांशी तोडगा निघाला तो एका गटाला प्रत्येक प्लेअरमागे ४ डॉलर आणि दुसऱ्याला ५ डॉलर असा, डॉल्बी आणि एमपेगचे परत वेगळे. प्लेअरच जर तीस-चाळीस डॉलरला विकायचा तर मग वाचवायचं कुठे? पॉवर सप्लायमध्ये, ट्रेच्या मोटरमध्ये, रिमोटच्या रबरात आणि लेन्समध्ये. "लेन्स गेली" हे असं आलं.

आमच्याकडे कराडला २००६ मध्ये प्लेअर आला, २२०० रुपयांचा, ब्रँड सांगत नाही. मागे ५.१ ची सहा भोकं, पुढे कराओकेसाठी माईकचं भोक. सहा स्पीकर आमच्या आयुष्यात कधी आले नाहीत आणि माईक एकदाच लावला, मामाने, त्यानंतर आजीने तो लपवून ठेवला. आजी शेवटपर्यंत डिस्कला कॅसेटच म्हणायची. पहिलं वर्ष मजेत गेलं. फूटपाथवरची "चार सिनेमे एकात"वाली डीव्हीडी चालायची, ७०० एमबीच्या सीडीवर दीडशे अभंग आणि गाणी, ती दिवसभर चालायची, लायब्ररीतून दहा रुपये रोजाने आणलेली, कुणीतरी पाटा-वरवंट्यावर घासल्यासारखी ओरखडलेली व्हीसीडीसुद्धा हा पठ्ठ्या ओढत न्यायचा. आणि मग एक दिवस असा आला की डीव्हीडी चालते पण व्हीसीडी टाकली की आतून टिक-टिक-टिक आणि स्क्रीनवर "नो डिस्क".

ही तक्रार इतकी घरोघर होती की त्याचं कारण सांगायलाच पाहिजे. त्या एका भिंगाच्या मागे लेझर दोन असतात, एक डीव्हीडीचा, एक सीडीचा. सुरुवातीच्या काही प्लेअरमध्ये एकच होता, आणि ते घरी बर्न केलेली सीडी वाचूच शकत नव्हते, कारण बर्न करायच्या सीडीतला रंग ६५० नॅनोमीटरचा प्रकाश परत पाठवत नाही. आपल्याकडे तर बाजारात निम्मा माल बर्न केलेलाच! त्यामुळे दोन लेझरशिवाय इथे धंदाच नव्हता. आणि दोन लेझर म्हणजे एक आधी मरणार. आमच्याकडे दिवसभर एमपी३ आणि व्हीसीडी, साहजिकच सीडीवाला आधी गेला.

मेकॅनिक काकांनी झाकण उघडलं. आत एवढी मोकळी जागा की वाटलं निम्मा प्लेअर कुणी काढून नेला की काय. एका कोपऱ्यात सप्लायचं छोटं कार्ड, मध्ये डेक, बाजूला मुख्य बोर्ड, बाकी हवा. काकांनी आधी कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून भिंग पुसलं. फरक पडला नाही. मग लेन्सच्या बाजूला जो अगदी बारीक प्रीसेट असतो तो स्क्रू-ड्रायव्हरने केसभर फिरवला. व्हीसीडी लगेच चालू! मी म्हटलं झालं की काका, तर म्हणाले, "झालं नाही रे, ढकललंय. करंट वाढवलाय तिचा, आता ती दोन-तीन महिने पळेल आणि मग बसेल ती कायमची." तसंच झालं. दिवाळीपर्यंत टिकली नाही. मग पुण्याला तपकीर गल्लीतून नवीन लेन्स आणली, तिथे ब्रँड कुणी विचारतच नाही, नंबर विचारतात, एचडी ६२ का एचडी ६५. सान्योच्या लेन्सचे हे नंबर, आणि कितीतरी वेगवेगळ्या नावांच्या प्लेअरमध्ये हीच लेन्स. म्हणजे "अमक्या कंपनीची लेन्स टिकते, तमक्याची नाही" असं जे आपण एकमेकांना छातीठोकपणे सांगायचो त्यातलं बरंचसं एकाच लेन्सबद्दल चाललेलं असायचं. काहीजण तर तिला "हेड" म्हणायचे, व्हीसीआरच्या काळापासूनची सवय.

लेन्सनंतरचा नंबर सप्लायचा. त्या काळात राज्यात लोडशेडिंग किती होतं ते सांगायला नको, आणि लाईट परत येते ती झटका देऊनच. सप्लायमधला स्वस्तातला कपॅसिटर डोक्यावर फुगायचा आणि प्लेअर नुसता लाल दिवा दाखवत बसायचा. पाच-दहा रुपयांचा पार्ट. पण कितीतरी जणांनी "पार मेला" म्हणून भंगारात दिलेले प्लेअर एवढ्यासाठीच गेलेत. आणि लग्नाच्या डीव्हीडीचं तर वेगळंच, फोटोग्राफर लोक हौसेने नवरा-नवरीचा फोटो छापलेला कागदी स्टिकर डिस्कवर चिकटवायचे, तो केसभर एका बाजूला गेला किंवा उन्हाळ्यात कडेने उचलला की डिस्क फिरताना डुगडुगते आणि प्लेअर अडतो, शिव्या मात्र प्लेअरला.

२००३ नंतर कॉम्प्युटरवरचे डिवएक्स, म्हणजे दाबून लहान फाइल केलेले, सिनेमे थेट वाजवणारे प्लेअर यायला लागले, मग दोन-चार वर्षांत स्वस्तातल्यालाही पुढे यूएसबीचं भोक आलं. इथून मालकांची भाषा बदलली. लेन्सची चर्चा मागे पडली आणि "एव्हीआय चालते, एमकेव्ही चालत नाही" सुरू झालं. साधं कारण, एमकेव्ही फाइलमध्ये चित्र बहुतेक एच.२६४ या नव्या पद्धतीने दाबलेलं असायचं आणि त्या जुन्या चिपला ते उलगडायची ताकदच नव्हती, पण लोकांना वाटायचं पेनड्राईव्ह खराब आहे. २००७ मध्ये डिस्क बनवणाऱ्या मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढल्या, ओरिजिनल, तेव्हा फूटपाथवाल्याचा आणि लायब्ररीवाल्याचा धंदा एकदमच हलला. पुढे बऱ्याच घरात लेन्स गेलेला प्लेअर नुसता पेनड्राईव्हवर चालत होता, डिस्कचा ट्रे कायमचा बंद. आमचाही तसाच, वर क्रोशाचं झाकण.

गेल्या महिन्यात मावशीला तिच्या मुलाच्या लग्नाची डीव्हीडी बघायची होती. चार घरी फोन केल्यावर एक चालू प्लेअर मिळाला, पण नवीन टीव्हीला पिवळं भोकच नाही. एव्हीचं एचडीएमआय करणारी एक डबी आणून जोडली. प्लेअरने टिक-टिक केलं, थांबला, परत केलं, आणि मग हळद सुरू झाली. मावशी म्हणाली, "मधे बंद करू नका रे, परत लागेल न लागेल."