पान सापडलं, पण पेटी विकली गेली का?

नागपूरच्या संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. काटोल-नरखेडकडचा एखादा बागायतदार आज कळमन्याच्या बाजाराबरोबरच स्वतःच्या वेबसाइटवरूनही पुण्या-मुंबईला पेट्या पाठवू शकतो. अशा वेबसाइटबद्दल पहिला प्रश्न ठरलेला असतो: भेटी किती झाल्या? मला विचारावंसं वाटतं ते वेगळंच. माणूस कोणते शब्द टाइप करून आला, आणि त्याची पेटी रवाना झाल्यावर हाती किती उरलं?

आधी शब्दांचं पाहू. आपण शोध घेतो त्या क्षणी गूगल जगभरची पानं वाचत बसत नाही. क्रॉलर नावाचा प्रोग्राम लिंकमागून लिंक धरत ती आधीच वाचून ठेवतो. त्यातून उलटी सूची तयार होते: प्रत्येक शब्दापुढे तो ज्या ज्या पानांवर आहे त्यांची नोंद. मात्र सगळ्या शब्दांचं वजन सारखं नसतं. जो शब्द थोड्याच पानांत आढळतो तो शोधात जास्त कामाचा, हे तत्त्व कॅरन स्पार्क जोन्स या ब्रिटिश संशोधिकेने १९७२ मध्ये मांडलं. ‘आहे’ जवळपास प्रत्येक मराठी पानावर असतं, ‘अंबिया बहार’ (संत्र्याच्या एका हंगामाचं नाव) फार थोड्यांवर. गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये यात लिंकांचं गणित आणलं. त्यांनी कल्पना केली ती वाटेल तसा भटकणाऱ्या वाचकाची. तो साधारण ८५ टक्के वेळा समोरची एखादी लिंक धरतो, एरवी भलत्याच पानावर उडी मारतो. असा वाचक ज्या पानावर जास्त वेळा पोचेल ते पान महत्त्वाचं. आज क्रम ठरवताना इतर पुष्कळ गोष्टी पाहिल्या जातात, तरी शब्द आणि लिंक यांचं महत्त्व टिकून आहे.

मराठी पानांची खरी अडचण शब्दांतच आहे. फळ एकच, पण लिहिताना ते ‘संत्री’, ‘संत्र्यांची’, ‘संत्र्याला’ असं बदलतं. ही सगळी रूपं एकाच शब्दाची आहेत हे यंत्राला शिकवावं लागतं, आणि मराठीसाठी तशी साधनं इंग्रजीच्या मानाने कमी आहेत. शिवाय विदर्भात आपण ‘संत्रा’ म्हणतो, पुणेकर ‘संत्री’ शोधतो, तिसरा रोमन लिपीत टाइप करतो. ही रूपं पानावरच्या वाक्यांत सहज यायला हवीत. एकच शब्द पन्नासदा कोंबला तर गूगल त्याला स्पॅम समजतं. काही जण भाव, वजन, बहार, घरपोच सेवा असं सगळं एका रंगीत पोस्टरमध्ये टाकतात आणि पानावर मजकूर म्हणून काहीच ठेवत नाहीत. त्याचं मला फार वाईट वाटतं. चित्रातली अक्षरं वाचली जातीलच याची खात्री नसते, आणि मग चांगलं फळ असूनही गिऱ्हाईक येत नाही. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या मराठी मजकुराचंही तेच. पडद्यावर देवनागरी दिसते, आत मात्र इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात.

आता पैशांकडे वळू. समजा, पाच किलोची पेटी ७०० रुपयांना विकली. फळ ३०० रुपयांचं, खोका आणि कुरिअर १८०, पेमेंटचं शुल्क २०, आणि वाटेत सडलेल्या मालाच्या भरपाईसाठी पेटीमागे ५० बाजूला काढले. उरले १५०. वेबसाइटचा महिन्याचा खर्च ३,००० रुपये असेल तर २० पेट्यांपर्यंत नफा शून्य.

यात जाहिरात आली की चित्र पालटतं. एका क्लिकला ५ रुपये पडतात आणि शंभरांतले दोघेच खरेदी करतात असं धरा. ५०० रुपये खर्चून दोन ऑर्डर, म्हणजे एका ऑर्डरमागे २५०. प्रत्येक पेटीला १०० रुपये तोटा, आणि भेटींचा आलेख मात्र चढता! शंभरांतले चौघे घेऊ लागले तर तोच खर्च १२५ वर येतो आणि २५ रुपये सुटतात.

हे दोघांचे चौघे कसे होतात, ते पुन्हा शब्दांवर येतं. ‘संत्र्याचे फायदे’ शोधणारा वाचून निघून जातो. ‘नागपुरी संत्री पेटी घरपोच पुणे’ असं टाइप करणाऱ्याने खरेदीचं मन जवळपास केलेलं असतं. दुसऱ्या प्रकारचे दहा जण पहिल्या प्रकारच्या हजारांपेक्षा मोलाचे ठरू शकतात. गूगल सर्च कन्सोल फुकट मिळतं. त्यात लोक कोणत्या शब्दांनी कोणत्या पानावर आले ते दिसतं, काही शब्द मात्र गोपनीयतेसाठी झाकलेले असतात. त्या पानांवरून आलेल्या ऑर्डरी अॅनालिटिक्समध्ये, म्हणजे भेटी आणि खरेदीची नोंद ठेवणाऱ्या साधनात, मोजता येतात. दोन्ही शेजारी ठेवा, आणि तुलना मृग बहाराची (संत्र्याचा दुसरा हंगाम) गेल्या वर्षीच्या मृग बहाराशीच करा. मागच्या महिन्याशी केली तर हंगामाची चढउतार वेबसाइटच्या खाती जमा होते.

नवं पान सूचीत यायला काही दिवस, कधी काही आठवडेही लागतात. मृगाची फळं फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला येतात, तेव्हा पान जानेवारीच्या सुरुवातीलाच तयार करून साइटमॅप, म्हणजे वेबसाइटवरच्या पानांची यादी, सर्च कन्सोलमध्ये द्यावा. हंगाम संपला म्हणून ते पान काढून टाकू नये. पत्ता तोच ठेवून भाव आणि तारखा बदलाव्यात, कारण वर्षभरात मिळालेल्या लिंका त्याच पत्त्याकडे येतात.