न्यूट्रिनो आणि विश्वाच्या महासंरचनेचे सिम्युलेशन

दीर्घिकांचे समूह, त्यांना जोडणारे तंतू आणि मधल्या अफाट पोकळ्या कशा घडल्या, हे महासंगणकावर घडवून पाहताना न्यूट्रिनो या अतिहलक्या, विद्युतभार नसलेल्या मूलकणांचे वस्तुमानही हिशेबात धरण्याची पद्धत.

न्यूट्रिनोला वस्तुमान असते, हे जपानमधील सुपर-कामिओकांडे प्रयोगाने १९९८ मध्ये दाखवले. तिन्ही प्रकारांच्या वस्तुमानांची बेरीज किमान ०.०६ इलेक्ट्रॉन व्होल्ट (कणांचे वस्तुमान मोजण्याचे एकक) भरते; एकटा इलेक्ट्रॉनच याच्या सुमारे ८५ लाख पट जड आहे. मात्र महास्फोटानंतर सेकंदभरात मोकळे सुटलेले हे कण आजही दर घन सेंटिमीटरला सुमारे ३३६ आहेत. किमान बेरीज धरली, तर विश्वातील एकूण द्रव्यात त्यांचा वाटा अर्धा टक्काही होत नाही. तरी लहान अंतरांवर द्रव्याच्या चढउतारांची शक्ती (म्हणजे त्यांच्या मानाचा वर्ग) त्यांच्यामुळे साडेतीन टक्क्यांच्या आसपास घटते. वेगवान असल्याने ते स्वतः लहान पुंजक्यांत अडकत नाहीत. शिवाय त्यांचे गुरुत्वाकर्षण तिथे नसल्याने कृष्णद्रव्याचे, म्हणजे न दिसणाऱ्या पण गुरुत्वाकर्षणाने जाणवणाऱ्या द्रव्याचे पुंजकेही अब्जावधी वर्षे संथपणे वाढतात. मोठा परिणाम होतो तो या दुसऱ्या कारणाने.

सगळे कृष्णद्रव्य न्यूट्रिनोंचेच असावे, ही कल्पना एकेकाळी जोरात होती. सायमन व्हाइट, कार्लोस फ्रेंक आणि मार्क डेव्हिस या खगोलशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये तसे विश्व संगणकावर घडवून पाहिले. ते प्रत्यक्ष दीर्घिकांच्या मांडणीशी जुळेना आणि ती कल्पना मागे पडली.

खरी डोकेदुखी वेगांची आहे. थंड, म्हणजे संथ कणांच्या कृष्णद्रव्याला सुरुवातीला एका ठिकाणी एकच वेग देऊन भागते. न्यूट्रिनोंच्या बाबतीत त्याच ठिकाणी सर्व दिशांना, कमीजास्त वेगाने धावणारे कण असतात. मोजक्या कणांवर त्यांची बोळवण केली, तर ते सैरावैरा पांगतात आणि मूळ आकृतिबंध पुसला जाऊन नुसता सांख्यिकीय गोंगाट, म्हणजे कण मोजके असल्याने येणारे यादृच्छिक चढउतार, उरतो. त्यावर सरधोपट उपाय म्हणजे कण वाढवणे. चीनच्या तिआन्हे-२ महासंगणकावरील ‘तिआन्नू’ सिम्युलेशनमध्ये कृष्णद्रव्याचे सुमारे ३३० अब्ज, तर न्यूट्रिनोंचे तब्बल २.६ लाख कोटी कण होते! हे अर्थातच प्रत्येकाला परवडणारे नाही. काही जण न्यूट्रिनोंना कण न मानता जाळीवर रेषीय समीकरणांनी सोडवतात. ते स्वस्त पडते, पण जड समूहांभोवती साचणारे संथ न्यूट्रिनो त्यात निसटतात.

‘डेल्टा-एफ’ पद्धत अधिक चतुर आहे. न्यूट्रिनोंच्या वेगांची मूळ वाटणी सूत्राने माहीतच असते. तेव्हा तो भाग कागदावर सोडवायचा आणि कणांना फक्त त्यापासूनच्या फरकाचे वजन द्यायचे. सुरुवातीला हा फरक जवळपास शून्य असतो, त्यामुळे गोंगाटही दबतो. २०२३ च्या ‘फ्लेमिंगो’ या सिम्युलेशन प्रकल्पाने हीच पद्धत वापरली.

महास्फोटाचे अवशिष्ट प्रारण मोजणाऱ्या प्लँक उपग्रहाच्या आणि दीर्घिका सर्वेक्षणांच्या एकत्रित निरीक्षणांतून वस्तुमानांच्या बेरजेवर ०.१२ इलेक्ट्रॉन व्होल्टची कमाल मर्यादा आली; २०२४ मध्ये ‘डेसी’ या दीर्घिका सर्वेक्षणाने ती ०.०७२ पर्यंत खाली आणली. या मर्यादा विश्वाच्या गृहीत प्रारूपावर अवलंबून आहेत. लहान अंतरांवर आणखी एक अडचण येते: कृष्णविवरांच्या उद्रेकांनी बाहेर फेकलेला वायूही पुंजके विरळ करतो आणि ती घट न्यूट्रिनोंच्या खात्यावर जमा होण्याचा धोका असतो. म्हणूनच ‘फ्लेमिंगो’त वायू, तारे आणि कृष्णविवरे न्यूट्रिनोंसोबत एकाच वेळी चालवली गेली.