काटकोनी डायमधला शिअर संगणकावर मोजताना

ईकॅप (equal channel angular pressing) पद्धतीत धातूची कांडी अशा डायमधून, म्हणजे साच्यातून, दाबून काढतात, जिथे सारख्याच मापाच्या दोन वाटा काटकोनात मिळतात. वळणावर धातूचे थर एकमेकांवर सरकतात, म्हणजेच शिअर होतो. कांडीची जाडी मात्र तीच राहते. त्यामुळे ती पुन्हा पुन्हा त्याच डायमधून काढता येते आणि आतले स्फटिककण मायक्रॉनपेक्षाही बारीक होतात. १९७०च्या दशकात सोव्हिएत संघात व्लादिमिर सेगल यांनी हे तंत्र पुढे आणलं.

ही प्रक्रिया संगणकावर मांडण्याआधी (सिम्युलेशनआधी) एक आकडा कागदावर काढून ठेवावा. कोपरा टोकदार असेल तर एका फेरीत शिअर स्ट्रेन (थर किती सरकले याचं माप) २, म्हणजे समतुल्य स्ट्रेन (तोच बदल साध्या ताणाच्या मापात) सुमारे १.१५. वाटांमधला कोन १२०° केला तर तो ०.६७ वर उतरतो. कांडीच्या मधल्या भागात उत्तर याच्या आसपास येत नसेल, तर रंगीत चित्र कितीही देखणं असो, मॉडेलमध्ये गडबड आहे. (टोकं सोडून द्या, तिथे शिअर पुरता होतच नाही.)

पहिला संशय मेशवर, म्हणजे मॉडेलमध्ये धातू ज्या लहान तुकड्यांच्या (एलिमेंटच्या) जाळीत विभागतात तिच्यावर, घ्यावा. शिअर २ झाला की मेशवर काढलेल्या वर्तुळाचं लंबवर्तुळ होऊन त्याची लांबी रुंदीच्या जवळजवळ सहापट होते. एलिमेंट इतके पिचले की रीमेशिंग (नवी जाळी घालणं) करावंच लागतं, पण दर वेळी जुने आकडे नव्या मेशवर उतरवताना थोडे पसरतात आणि वळणावरचा अरुंद शिअर पट्टा उगाच रुंद दिसतो. म्हणून बारीक मेश तिथेच द्यावी.

त्याहून फसवा असतो कठीणपणाचा आलेख, म्हणजे स्ट्रेन वाढेल तशी धातूची ताकद किती वाढते याचा. साध्या ताण चाचणीतून तो फार तर ०.२५ स्ट्रेनपर्यंत मिळतो आणि चार फेऱ्यांना लागतो ४.६ पर्यंत. घातांकाचं सूत्र (ताकद स्ट्रेनच्या ०.२ घातांकाने वाढते असं मानणारं) तसंच पुढे ओढलं, तर ताकद १.८ पट चढते. खरा धातू बराच आधी सपाटीला येतो, म्हणून ताकद एका मर्यादेला स्थिरावते असं मानणारं व्होसचं सूत्र बरं. नाहीतर प्रेसचा जोर फुगतो आणि बाहेरच्या कोपऱ्यात डाय न भरता राहणारी पोकळीही मोठी दिसते.

घर्षणात गुणांक गुणिले दाब हा हिशेब इथे चालत नाही. ५०० मेगापास्कल दाबाला ०.१ गुणांकाने ५० येतात. मऊ अॅल्युमिनियम त्याच्या निम्म्यालाच आतून सरकू लागतं. धातूच्या शिअर ताकदीचा ठरावीक हिस्सा, ० ते १ मधला, घर्षण म्हणून द्यावा.

पंचाची (कांडी ढकलणाऱ्या दांड्याची) गतीही खरीच द्यावी. १५० मेगापास्कलच्या अॅल्युमिनियमचं तापमान, उष्णता बाहेर गेली नाही तर, एका फेरीत ६० अंशांहून जास्त वाढतं. मंद गतीत ती डायमध्ये निघून जाते. वेळ वाचवायला गती शंभरपट केली, तर तापमानाचं उत्तर टाकूनच द्यावं लागतं.