भिंतीच्या आत आणि बाहेर, तार एकच
(वास्को, चिखली आणि दाबोळीतील आमच्या ग्राहकांसाठी, आमच्या वीजदुरुस्तीच्या दुकानातर्फे)

दाबोळीला नौदलाचा आयएनएस हंसा तळ आहे आणि त्याच्या भिंतीला लागून आपली घरे-दुकाने. आत जनित्रे असतात, त्यांना काय कमी, असे ग्राहक म्हणतात. पण जनित्राला डिझेल लागते आणि ते येते याच रस्त्याने. गोव्याची बहुतेक वीज राज्याबाहेरून घाट उतरून येते, मुरगावचे पाणी पार सांग्याच्या साळावली धरणातून. वाटेत कुठेही झाड आडवे झाले की झळ दोघांनाही.

१६ मे २०२१ ला तौक्ते वादळ गोव्याजवळून नुसते गेले, आदळले ते गुजरातला. तरी इथे खांब मोडले, कित्येक घरे काही दिवस अंधारात राहिली आणि पंप बंद म्हणून नळही कोरडे पडले. ऑक्टोबर २०१४ मध्ये हुदहुदने विशाखापट्टणमला तडाखा दिला. तिथला विमानतळही दाबोळीसारखाच नौदलाच्या तळावरचा, आणि तो काही दिवस बंद ठेवावा लागला. आता अरबी समुद्रही तापतो आहे, म्हणून आम्ही हे कळकळीने लिहितो.

मोठ्या वादळाइतकीच आम्हाला पहिल्या रिमझिमीची काळजी वाटते. उन्हाळाभर खारा वारा चिनी मातीच्या इन्सुलेटरवर मिठाचा थर चढवतो. कोरडा असेपर्यंत तो निरुपद्रवी. बारीक पावसाने ओला झाला की त्यातूनच करंट वाहू लागतो, निळसर ठिणग्या दिसतात, चर्र असा आवाज येतो आणि फीडर, म्हणजे आपल्या भागाला वीज देणारी मुख्य लाईन, ट्रिप होऊन आपोआप बंद पडते. धो-धो पाऊस तोच थर धुऊन टाकतो. असा आवाज ऐकलात तर लांब राहा आणि वीज खात्याला लगेच कळवा.

पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची साठवण, भरता तेव्हाच ही कामेही उरकून घ्या. पंपाचा पॅनेल तळघरात असेल तर वर घ्या; तळघरात पाणी भरले की पहिला तोच जातो. जनित्र नुसते चालू करून पाहू नका, लोड देऊन अर्धा तास चालवा. चेंजओव्हर स्विच (जनित्र जोडताना घर बाहेरच्या तारेपासून तोडणारा स्विच) नसेल तर जनित्र घराच्या वायरिंगला मुळीच जोडू नका: तुमची वीज उलटी तारेत जाते आणि खांबावरच्या लाईनमनचा जीव जातो.

वारा सुटलेला असताना आम्ही माणूस पाठवत नाही. वारा पडला की आमचा पहिला फेरा ऑक्सिजन यंत्रावर रुग्ण असलेल्या घरांकडे. तुमच्याकडे तसे कोणी असेल तर मे महिन्यातच दुकानात येऊन नोंद करून ठेवा.